ब्रेकआउट बोर्डाला सप्लाय दोन, आणि दोन्ही वेगळेच

ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे कॉम्प्युटर आणि सीएनसी मशीन यांच्या मधे बसणारा जोडणीचा बोर्ड, हातात आला की मी आधी मल्टिमीटर कंटिन्युटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप वाजतो तो) लावतो. एक प्रोब यूएसबीच्या बाजूच्या ग्राउंडला, दुसरा १२-२४ व्होल्टच्या टर्मिनलच्या मायनसला. बीप वाजायला नको. वाजला, तर त्या बोर्डावरचे ऑप्टोकपलर, म्हणजे दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे भाग, असून नसल्यासारखे. सगळी जोडणी झाल्यावर हीच तपासणी मी परत करतो, कारण बोर्ड चांगला असला तरी दोन बाजू बाहेरच्या वायरने एक होऊन जातात, आणि बहुतेक वेळा तिथंच घोळ असतो.

मी लातूरला पॅनल वायरिंगचं काम करतो. अंबाजोगाईला मामांचं सुतारकामाचं दुकान आहे. देव्हाऱ्याच्या जाळ्या, चौकटीवरची नक्षी. त्यांच्या छोट्या सीएनसी राउटरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनची, वायरिंग मी केली, आणि आता आसपासची पोरं तेच विचारायला येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचा बोर्ड जुन्या कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टला लागतो. त्या २५ पिनांत १, २ ते ९, १४, १६ आणि १७ या बारा पिना बाहेर सिग्नल देतात. १० ते १३ आणि १५ या पाच आत घेतात. १८ ते २५ ग्राउंड. यातली प्रत्येक पिन थेट मदरबोर्डवर जाते, मधे कुणी राखणदार नाही. म्हणून बोर्डाचे दोन भाग असतात. एक कॉम्प्युटरच्या बाजूचा, तो यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो. दुसरा मशीनच्या बाजूचा: लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं की दाबले जाणारे) आणि स्पिंडलच्या, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरच्या, व्हीएफडीला (तिचा वेग बदलणाऱ्या पेटीला) जाणारं ०-१० व्होल्ट. त्याला १२ ते २४ व्होल्टचा स्वतंत्र एसएमपीएस, म्हणजे डीसी सप्लाय देणारी पेटी. मधे ऑप्टोकपलर, म्हणजे एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. पलीकडे जातो तो फक्त उजेड.

केजच्या एका पोराचं मशीन बघायला गेलो होतो. स्पिंडल वेगात आला की लिमिट लागल्याचा मेसेज येऊन काम मधेच थांबायचं, आणि सागवानाची फळी वाया. त्याने सॉफ्टवेअरमधला डीबाउन्स, म्हणजे सिग्नल किती वेळ टिकला तर खरा मानायचा ती सेटिंग, वाढवत नेला होता. पेटी उघडली तर २४ व्होल्टच्या एसएमपीएसमधून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज कमी करणाऱ्या छोट्या सर्किटने) ५ व्होल्ट काढून तेच कॉम्प्युटरच्या बाजूला दिलेले. बक कन्व्हर्टरचा आतला आणि बाहेरचा मायनस एकच असतो. म्हणलं, "अरे बाबा, कंपनीने मधे भिंत बांधून दिली आणि तू तिला दार पाडलंस." बक काढला, यूएसबीची वायर सरळ कॉम्प्युटरला लावली, लिमिटला शील्डेड केबल टाकली. डीबाउन्स परत खाली आणला तरी मेसेज आला नाही. वायरिंगचं दुखणं सेटिंगमधे झाकू नये, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

यूएसबीतून करंट पुरेल का, हे हमखास विचारतात. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत देतं. ड्रायव्हरच्या, म्हणजे मशीन सरकवणारी मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या, एका इनपुटला साधारण १० मिलिअँपिअर धरा; तीन ड्रायव्हर, प्रत्येकी स्टेप (पाऊल), डायरेक्शन (दिशा), इनेबल (चालू-बंद), म्हणजे ९० च्या आसपास. भरपूर पुरतं.

स्टेप आणि डायरेक्शनचे सिग्नल मात्र आमच्या बोर्डावर ऑप्टोतून जात नाहीत, साध्या बफर चिपमधून जातात. तिथलं आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंची विजेची फारकत, टीबी६६०० ड्रायव्हरच्या पोटात आहे. मी पल्स (म्हणजे स्टेपच) प्लस, डायरेक्शन प्लस आणि इनेबल प्लस बोर्डाच्या ५ व्होल्टला एकत्र जोडतो, आणि मायनस त्या त्या पिनेला. गाडीच्या वायरिंगची सवय असलेली माणसं सगळे मायनस एका ठिकाणी आणतात. इथं तसं करू नका. मोटरच्या ३६ व्होल्टचा मायनस बोर्डाच्या ग्राउंडला लागला की ड्रायव्हरमधलं आयसोलेशनही गेलं.

आता अर्थिंग. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. एप्रिल-मेमधे काळ्या मातीला भेगा पडतात, खाली मुरूम आणि खडक. माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. व्हीएफडीची वीजगळती अर्थमधूनच जायची असते. ती गेली नाही की मशीनच्या अंगावर येते. मामांना उन्हाळ्यात गँट्रीला, म्हणजे मशीनच्या कमानीला, हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरला, वर पाइप ठेवला, आणि उन्हाळाभर त्यात पाणी टाकायला सांगितलं. झिणझिण्या थांबल्या. शील्डेड केबलची जाळी फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकं अर्थ केलीत तर त्या जाळीतूनच करंट फिरायला लागतो.

लिमिट स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) घ्या, सिरीजमधे. वायर तुटली तरी मशीन थांबतं, आणि उंदरांनी वायर कुरतडणं सुताराच्या दुकानात नवीन नाही. इमर्जन्सी बटणाला दोन एनसी कॉन्टॅक्ट पाहिजेत. एकाने कॉन्टॅक्टरची (कॉइलवर चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल सुटून मोटरच्या एसएमपीएसचा आणि स्पिंडलचा सप्लाय तुटतो, दुसरा बोर्डाच्या इनपुटला जाऊन सॉफ्टवेअरला कळवतो. नुसत्या सॉफ्टवेअरवर माणसाची बोटं सोपवायची नाहीत.

कॉम्प्युटर चालू होताना प्रिंटर पोर्टच्या पिना वेड्यावाकड्या वरखाली होतात. त्या वेळी रिले (बोर्डावरचा विजेने ओढला जाणारा स्विच) पटकन ओढला जाऊन स्पिंडल फिरू शकतो. आमच्याकडे लाइट दिवसातून कधीही जाते-येते, म्हणून हा धोका पुस्तकी नाही. लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि आल्यावर हाताने बटण दाबल्याशिवाय लागत नाही. आधी कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर, मग मोटरचा सप्लाय. बंद करताना उलट. बोर्डावर चार्ज पंपची सोय असेल तर जरूर वापरा. माक३, म्हणजे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्यासाठी १२.५ किलोहर्ट्झचा सिग्नल सतत देतं. तो थांबला की बोर्डाचे आउटपुट बंद.

पहिल्यांदा चालू करताना मोटरचा सप्लाय बंदच ठेवा. प्रत्येक लिमिट हाताने दाबून स्क्रीनवरचा दिवा बदलतो का बघा. ०-१० व्होल्टचं टर्मिनल व्हीएफडीला लावायच्या आधी मीटरवर मोजा: निम्म्या वेगाला ५ च्या आसपास, पूर्ण वेगाला १० दिसले पाहिजेत. मग टूल न लावता स्पिंडल पूर्ण वेगात फिरवा आणि लिमिटचे दिवे बघत बसा. एकही लुकलुकला नाही, तर लाकूड लावा.