चौथा हुक

हरतालिकेची संध्याकाळ. पेडणे तालुक्यातल्या एका नव्या घरात माटोळीसाठी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची, फळांनी सजवलेली लाकडी चौकट) स्लॅबला चार हुक मारायचे होते. जुन्या घरात माटोळी वाशांना बांधायचे, इथे वासेच नाहीत. नारळाची पेंड (घड), केळ्यांचा घड, सुपारीचे शिपटे असा सगळा भार लटकणार, म्हणजे गुट्टी ठोकून भागणार नाही, भोकात फुलून घट्ट बसणारा फास्टनरच हवा.

तीन भोकं झाली. चौथ्याला ड्रिलचं बिट दोन बोटं आत गेलं आणि अडलं. मी शिडीवर जोर लावला. आधी ठिणग्या, मग जळक्या वार्निशचा वास. आर्मेचर, म्हणजे मोटरची फिरणारी गुंडाळी, गेलं.

खाली काकी पंचारती घासत बसल्या होत्या. "मेस्त्री, आता रे?" एवढंच म्हणाल्या. चौथा कोपरा नायलॉनच्या दोरीने खिडकीच्या ग्रिलला ताणून बांधला. माटोळी टांगली, पण एका अंगाला कललेली. ती कललेली माटोळी डोळ्यांपुढून हलत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी मी ड्रिलचे कार्बन (फिरत्या आर्मेचरला घासून वीज पोचवणारे तुकडे) बदलले होते. म्हापशात मूळचे मिळाले नाहीत, म्हणून दुसरेच घासून मापात बसवले. कडक कार्बन कम्युटेटरचं, म्हणजे तो ज्यावर घासतो त्या कड्याचं, तांबं खातो, तांबं खडबडीत झालं की ठिणगी वाढते. ठिणगी मला दिसत होती. चवथीच्या घाईत काम थांबवलं नाही.

कार्बनची कटकट नको म्हणून ब्रशलेस बॅटरीवालं घ्यायचं ठरवलं. दुकानात पहिल्यांदा हातात दिलं ते '४८ व्होल्ट' लिहिलेलं, स्वस्त. तसलाच एक पॅक मी मित्राकडे उघडून पाहिला होता: आत एका रांगेत पाच सेल. एक सेल ३.६ व्होल्टचा, पाचांचे १८. लेबलावर काहीही छापायचं आणि गिऱ्हाइकाने मान डोलवायची, याचा मला संताप येतो.

मी १८ व्होल्टचं रोटरी हॅमर घेतलं. साध्या ड्रिलच्या हॅमरमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, म्हणून माणसाला रेटावं लागतं. यात हवेच्या दाबावर पिस्टन ठोकतो, आपण फक्त धरायचं. बॅटरी ५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे विजेचा साठा) घेतली. २ एएचमध्ये पाच सेलांची एकच रांग असते, माझ्या पॅकमध्ये दोन आहेत. भार वाटला जातो, सेल कमी तापतात. आणि याच बॅटरीवर पुढे ग्राइंडर चालेल, सर्व्हिस म्हापशात आहे, हेही आधी विचारून घेतलं. आमच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलला गंज धरतो, म्हणून रोज काम संपलं की बॅटरी काढून कोरड्या डब्यात ठेवतो.

विसर्जन झाल्यावर काकींकडे गेलो. नवं मशीन त्याच अर्ध्या भोकात घातलं. तेही तिथेच अडलं. आवाज टणटण, भुकटी यायची थांबली, बिटाचं टोक चकाकलेलं. आत सळी होती. त्या संध्याकाळी हाच आवाज आला असणार. मी ऐकला नाही, नुसता रेटत राहिलो. दोन इंच सरकून पुन्हा लावलं तर काकींचा चहा गाळून होईतो हुक बसला होता.