माकड मेलं तर फोन कशाला करायचा?

काजूच्या सिझनमध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडच्या वाड्यांमध्ये फिरताना हा प्रश्न हमखास येतो, की माकडं काय मरतातच, त्यासाठी फोन कशाला आणि तुम्ही मेलेल्या माकडांची नकाशावर टिंबं टाकून करता काय? तुम्ही विचारलंत म्हणून नीटच सांगते.

कारण आहे माकडताप, हा विषाणूचा आजार. तो सहसा माकडाकडून थेट येत नाही, गोचीड चावल्याने येतो. माकडाला पण तोच आजार होतो आणि ते मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात, म्हणजे ते एक झाड आणि त्याच्या आजूबाजूची जागा धोक्याची झाली, आणि आपण नेमके तिथेच पातेरा (वाळलेली पानं) गोळा करायला नाहीतर काजू वेचायला वाकतो. गोचिडी पिल्लावस्थेत तिळापेक्षा लहान असतात, दिसत पण नाहीत. म्हणून मेलेल्या माकडाभोवती 50 मीटरपर्यंत गोचिडी मारायची पावडर मारतात, आणि पांढरं फ्लॅनेलचं कापड पाचोळ्यावरून ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी लॅबला पाठवतात. पण जागाच कळली नाही तर पावडर मारायची कुठे?

1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात हा आजार सापडला तेव्हाही आधी माकडंच मरत होती, मग पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने विषाणू शोधला. कित्येक वर्षं सगळ्यांना वाटायचं की हे तिकडचंच दुखणं, पण 2015 ला गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि 2016 ला आपल्या दोडामार्गात पेशंट निघाले.

एका काकींच्या बागेमागे माकड मेलेलं होतं, त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नंतर मला म्हणाल्या, "बागेत माकड मेला म्हणून सांगलंय तर कामाक कोण येतलो?" वर्षाचं उत्पन्न त्या दोन-तीन महिन्यांवर असतं, मी त्यांना काय दोष देणार. पण त्या वाडीवर माझ्या नकाशात एकही टिंब नव्हतं आणि मी ती वाडी सेफ समजत होते, याचं मला अजून वाईट वाटतं. नकाशा कोरा आहे म्हणजे आजार नाही असं नसतं ना, कधीकधी नुसतं कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून मागे लागते. माकडाला हात लावू नका, जवळ पण जाऊ नका, फक्त आरोग्य केंद्रात नाहीतर वनखात्याला कळवा. लोकेशन पाठवता येत नसेल तरी चालेल, कोणाची बाग आणि कुठल्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) अलीकडे एवढं सांगितलंत तरी जागा सापडते.