स्लेयर एक्सायटर अपडेट: एलईडी लांबून लागला एकदाचा

लागला! स्लेयर एक्सायटर म्हणजे एका ट्रान्झिस्टरवरची छोटी टेस्ला कॉइल, वायरशिवाय वीज पाठवणारी. मागच्या अपडेटपर्यंत रिसीव्हर कॉइल वीतभर लांब नेली की एलईडी मरायचा, आज दीड फुटावर लागलाय, तोही हात न लावता. हातात धरून सीएफएल कोणीही पेटवतं, आपलं अंगच तिथं परतीची वायर होतं. इथं रिसीव्हरचं खालचं टोक एलईडीतून पत्र्याच्या डब्याला दिलंय, बस.

घोळ सगळा ट्यूनिंगचा, म्हणजे दोन्ही कॉइलची फ्रिक्वेन्सी जुळवण्याचा. दोन्ही कॉइल दीड इंची पाइपवर, ३६ गेजची बारीक तार, वेढेपण सारखे, तरी जुळेनात. स्लेयर स्वतःच्या सेकंडरीच्या (जास्त वेढ्यांच्या उंच कॉइलच्या) फ्रिक्वेन्सीवर आपोआप ऑसिलेट करतो, त्यामुळे ती बाजू निवांत, पण रिसीव्हर कुठंय ते कसं कळणार? डीएसओ१३८ हा माझा स्वस्तातला ऑसिलोस्कोप तर २०० किलोहर्ट्झच्या पुढं आंधळा. मग जुना मीडियम वेव्ह रेडिओ काढला. साधा ट्रान्सफॉर्मरवाला अडाप्टर स्लेयरला लावला की त्याच्या लहरीवर १०० हर्ट्झची गुणगुण चढते, काटा फिरवत जायचं, घूंऽऽ जोरात आलं की ती फ्रिक्वेन्सी. ट्रान्समीटर ९४० किलोहर्ट्झच्या आसपास निघाला. मग रिसीव्हरची कॉइल त्याच्याच जागी बसवून बघितली तर बया १०५० च्याही वर! ट्रान्समीटरच्या डोक्यावर टॉपलोडचं, म्हणजे कपॅसिटन्स वाढवून फ्रिक्वेन्सी खाली आणणारं धातूचं झाकण आहे, हिचं डोकं मोकळं.

गँग कंडेन्सर (रेडिओच्या काट्यामागचा फिरवायचा कपॅसिटर) लावा असं काहींनी सुचवलं होतं, पण कॉइलची स्वतःची कपॅसिटन्सच काही पिकोफॅरड, गँग पूर्ण उघडला तरी फ्रिक्वेन्सी धाडकन खाली जाते. म्हणून मोडक्या रेडिओची टेलिस्कोपिक एरियल वरच्या टोकाला सोल्डर केली आणि एकेक नळी ओढत गेलो, आधी मिणमिण, मग अजून थोडी ओढली आणि भक्कन लागला की! अजून ओढली की परत विझतो. तो पीक इतका अरुंद आहे की जवळ वाकून बघितलं तरी सरकतो.

एलईडीला उलटा डायोड (उलट्या दिशेचा करंट वाहून न्यायला) लावताना १एन४००७ नको, या फ्रिक्वेन्सीला तो बंद व्हायच्या आतच सायकल उलटते, दोन्हीकडून वाहतो आणि एलईडीच शॉर्ट. १एन४१४८ घ्या, तो झटकन बंद होतो आणि स्वस्तही.

ऑनलाइन मागवलेले टीआयपी३१ ट्रान्झिस्टर मात्र अगदीच फालतू, सोलापूरच्या मे महिन्यात हीटसिंक लावूनही मिनिटभरात हात लावू देत नाहीत, नवी पेठेत सुटे घेतलेले तेवढेच चालतात. तार मी पूर्व भागातल्या लूमच्या मोटारी वायंडिंग करणाऱ्याकडून वजनावर घेतो, पॅक रीळापेक्षा स्वस्त आणि इनॅमल चांगलं.

पुढं मॉस्फेटवाला (जास्त ताकदीच्या ट्रान्झिस्टरचा) मोठा ट्रान्समीटर करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, एरियल ट्रान्समीटरवरच लावली आणि वेगवेगळ्या वेढ्यांचे दोन रिसीव्हर ठेवले तर? ओढली की हा लागेल, दाबली की तो. टेस्लाचा सगळा भर ट्यूनिंगवरच होता ना. मॉस्फेट राहू दे आता, उद्या आधी तार आणतो. दोन रिसीव्हरमध्ये किती वेढ्यांचा फरक ठेवू, कोणी केलं असेल तर सांगा.