लायनाचा मार्च: कॉलेज आइस हॉकीचे प्लेऑफ पाहताना

लायना रिंकवर कॉर्नेल विद्यापीठाच्या संघाने गोल केला की विद्यार्थ्यांच्या बाजूचे सगळे हात एकाच वेळी समोरच्या गोलरक्षकाकडे रोखले जातात आणि घोष सुरू होतो, "सीव्ह, सीव्ह, सीव्ह!" सीव्ह म्हणजे चाळणी. तुझ्यातून सगळंच गळतं, असं हजारो माणसं त्याला तोंडावर सांगत असतात. न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावचं हे रिंक, म्हणजे आइस हॉकीचं बर्फाचं मैदान, लहान आहे, 4,267 प्रेक्षकांचं. छत खालच्या अंगाला असल्याने आवाज वर विरून जात नाही, बर्फावर परत आपटतो. हॉकी समजायला लागायच्या आधी इथल्या गर्दीचा आवाज समजू लागतो. शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलांनी सुरुवात कानापासूनच करावी.

आधी सामन्याची चौकट. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा गडी. चेंडूऐवजी पक असतो. ही तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची कडक रबरी चकती. उसळू नये म्हणून ती सामन्याआधी गोठवून ठेवतात. गडी चाळीस-पन्नास सेकंद जीव तोडून स्केटिंग करतो आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून बाकावर परत येतो, दुसरा उडी मारून बर्फावर उतरतो. या छोट्या पाळीला शिफ्ट म्हणतात. टाळ्या कशाला पडतात याचं बरंचसं उत्तर या शिफ्टमध्येच आहे.

आयसिंगचंच बघा. दमलेल्या संघाने मध्यरेषेच्या अलीकडून पक सरळ पलीकडच्या टोकापर्यंत भिरकावून दिला, की शिट्टी होते आणि फेसऑफ, म्हणजे दोन गड्यांमध्ये पक टाकून होणारी खेळाची नवी सुरुवात, त्यांच्याच गोलाजवळ होतो. वर शिक्षा अशी की त्यांना गडी बदलता येत नाहीत. धापा टाकणारे तेच पाच जण पुन्हा उभे, समोर मात्र ताजे गडी. नवख्याला वाटतं, नुसती शिट्टी तर झाली, लोक एवढे का ओरडतात? लोकांना त्या पाचांचे पाय दिसत असतात. दुसऱ्या डावात हे जास्त घडतं, कारण बाजू बदलल्यामुळे प्रत्येक संघाचा बाक आपल्या गोलापासून लांब पडतो आणि बचाव करणाऱ्यांना बदलीसाठी दूरवर जावं लागतं. दुसरा डाव सुरू असताना कॉफीला उठू नये.

पॉवर प्ले हा शब्द ऐकून क्रिकेटकडे जाऊ नका, कबड्डी आठवा. नियम मोडणारा गडी दोन मिनिटं बाहेरच्या पेटीत बसतो आणि त्याचा संघ तेवढा वेळ गोलरक्षकाखेरीज चारच गडी घेऊन खेळतो. समोरच्या संघासाठी हाच पॉवर प्ले. समोरच्याने गोल केला तर ही छोटी शिक्षा तिथेच संपते. पाच मिनिटांची मोठी शिक्षा मात्र गोल झाला तरी पूर्ण भोगावी लागते. म्हणून पंच व्हिडिओ पाहायला गेले की अख्खं रिंक श्वास रोखून बसतं, दोन की पाच यावर सामना फिरू शकतो. पॉवर प्लेमध्ये गोल होण्याचं प्रमाण ढोबळमानाने पाचातलं एक, म्हणजे बहुतेक वेळा बचावच जिंकतो. कमी गड्यांच्या संघाला आयसिंग लागू नसल्याने ते पक खुशाल लांब फेकतात. तो गोळा करून पुन्हा हल्ला मांडेपर्यंत पंधरा-वीस सेकंद जातात. लायनावर अशा प्रत्येक फेकीला दाद मिळते, आणि अंगावर पक झेलून शॉट अडवणाऱ्या गड्याला तर गोल करणाऱ्याइतकीच. इथली परंपरा बचावाची आहे, आणि हे प्रेक्षक ते ओळखतात याचं मनापासून कौतुक वाटतं.

एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. पंचाचा हात वर, खेळ चालूच, आणि एक गोलरक्षक गोल उघडा टाकून बाकाकडे धावत सुटतो. काही बिघडलेलं नसतं. समोरच्या संघावर शिक्षा येणार आहे, पण पक त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत शिट्टी होत नाही. त्यांच्या काठीला पक लागला की खेळ थांबणार, म्हणून आपल्या गोलाला धोका जवळजवळ नाही, तेवढ्यात एक जादा हल्लेखोर आत घ्यायचा. शेवटच्या दोनेक मिनिटांत एका गोलाने मागे असलेला संघही गोलरक्षक काढतो, पण तिथे धोका खरा असतो. लांबून सरपटत रिकाम्या गोलात शिरणारा पक तीन सेकंदांत सगळं संपवतो.

मारामारी पाहायला मिळेल या आशेने येऊ नये. कॉलेज हॉकीत मारामारी करणारा त्या सामन्यातून बाद होतोच, पुढच्या सामन्यालाही मुकतो. चेहरा पूर्ण झाकणारं संरक्षण सगळ्यांना सक्तीचं आहे.

विधी मात्र पाठ करून जा. पाहुण्या संघाची नावं पुकारली जात असताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात आणि प्रत्येक नावानंतर "बोअरिंग!" म्हणतात. राष्ट्रगीतात 'रेड' शब्द येतो तेव्हा सगळे तो एका दमात ओरडतात, कारण लाल हा कॉर्नेलचा रंग. हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात बर्फावर मासे पडतात. हे सगळं खेळ सुरू होण्याआधी. खेळ चालू असताना काही फेकलं तर दोन मिनिटांची शिक्षा यजमान संघाच्याच माथी बसू शकते, आणि प्लेऑफमध्ये असं नुकसान करणाऱ्याला शेजारचेच आधी गप्प करतात. खेळ चालू असताना पायऱ्यांवरून ये-जा करू नका, शिट्टीची वाट पाहा. विद्यार्थी विभागात पूर्ण वेळ उभंच राहायचं असतं. खाली बर्फ असल्याने गार हवा पायांकडून चढते, म्हणून जाकिटापेक्षा जाड मोजे आणि बूट महत्त्वाचे.

आता प्लेऑफ. कॉर्नेल ज्या ईसीएसी गटात आहे त्यात बारा संघ. पहिल्या चार क्रमांकांना पहिल्या फेरीत सूट, बाकीच्यांचा एकेकच सामना. उपांत्यपूर्व फेरी वरच्या क्रमांकाच्या घरच्या रिंकवर, तीनपैकी दोन जिंकायचे: शुक्रवार, शनिवार, आणि 1-1 अशी बरोबरी झाली तर रविवार. आमच्या मते या खेळाचा सगळ्यात सुंदर शनिवार-रविवार हाच. तेच दोन संघ सलग दोन रात्री भिडल्यावर कोणता बचावपटू डावीकडे वळताना चुकतो हे प्रेक्षकांनाही कळलेलं असतं. पुढचे सामने लेक प्लॅसिडला, 1980 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला हरवलं त्याच रिंकवर. इथाकाहून रस्त्याने पाचेक तास, मार्चमध्ये बर्फ असेल तर जास्त.

त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा. सोळा संघ, चार ठिकाणी चार-चार, हरला तो घरी. ही ठिकाणं बहुतेक वेळा लांबची आणि त्रयस्थ असतात, खुर्च्या रिकाम्या राहतात. एवढ्या मोलाचा सामना अर्ध्या शांततेत खेळवणं चूकच आहे, पहिली फेरी तरी कॉलेजांच्या रिंकवर व्हायला हवी. मार्च 2025 मध्ये ओहायोतल्या टोलीडोला कॉर्नेलने तिथल्या चार संघांतल्या अव्वल मानांकित मिशिगन स्टेटला शेवटच्या काही सेकंदांतल्या गोलाने 4-3 असं हरवलं. दोन दिवसांनी बोस्टन युनिव्हर्सिटीने ओव्हरटाइममध्ये 3-2 ने मोसम संपवला, आणि माइक शेफर यांची प्रशिक्षक म्हणून तीस मोसमांची कारकीर्दही. 1967 आणि 1970 नंतर कॉर्नेलला राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नाही. 1970 चा संघ 29 पैकी 29 सामने जिंकला होता. 2020 मध्ये संघ देशात पहिल्या क्रमांकावर असताना कोविडमुळे मोसमच थांबला. लायनावर जाणाऱ्या कोणाहीपुढे तो विषय काढून पाहा, अजूनही आवाज खाली येतो.

ओव्हरटाइमची गोष्ट वेगळीच. नेहमीच्या मोसमात पाच मिनिटं, तीन विरुद्ध तीन. प्लेऑफमध्ये पूर्ण वीस मिनिटांचे डाव, पाच विरुद्ध पाच, पहिला गोल तोच शेवटचा. घोषणा कमी होतात. स्केटचं करकरणं ऐकू येतं. स्केटने खरवडलेला बर्फाचा भुगा साचतो, पक नीट घरंगळत नाही, उड्या मारतो, म्हणून देखणे पास बंद होतात आणि गडी मिळेल तिथून गोलावर मारत राहतात. निकाल बहुधा कोणाच्या तरी पायाला लागून वळलेल्या पकाने लागतो. मार्च 2015 मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि नोत्र दाम या विद्यापीठांचा सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत गेला. 151 मिनिटं 42 सेकंदांच्या खेळानंतर मॅसॅच्युसेट्स 4-3 ने जिंकलं.

घरून स्कोअर पाहणाऱ्यांसाठी: संध्याकाळी सातचा सामना मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. त्यानंतर अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकतात, म्हणून साडेचारला. साडेचारला सुरू झालेल्या सामन्याचा निकाल तिन्ही डाव आणि मधल्या सुट्ट्या धरून पावणेसातच्या आसपास लागायला हवा. आठ वाजले आणि आकडा 2-2 वरच असेल, तर पान अडकलंय असं समजू नका, दुसरा ओव्हरटाइम चालू आहे.