माझा अनुभव : गुण्यात (काटकोनात) नसलेल्या खोलीत लाकडी फ्लोअरिंग

“स्कर्टिंगमध्ये जाईल काका, टेन्शन नका घेऊ.” स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाशी मारायची पट्टी. हे फिटरचं वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर उच्चारलं, तर त्याला आमच्या बेडरूममध्ये नेऊन भिंतीसमोर उभं करणार आहे.

आमची पुण्यातली इमारत 1979 सालची, मोझॅक फरशीची. बेडरूम साधारण साडेनऊ बाय चौदा फूट. त्यात इंजिनिअर्ड ओक, म्हणजे प्लायवर ओकचा थर असलेलं लाकूड टाकायचं ठरलं. फळ्या 14 मिमी जाड, 190 मिमी रुंद, एकमेकींत अडकणाऱ्या, खाली फोम. फरशी उखडायची नव्हती, त्यामुळे सोसायटीनेही कुरकुर केली नाही. दुकान, रंग, भाव सगळं आठवड्यात उरकलं.

फिटरने दाराच्या बाजूच्या लांब भिंतीला अख्खी फळी लावून सुरुवात केली. दुपारी चारपर्यंत 15 ओळी. मी खूश होऊन चहा टाकला, आणि कप घेऊन आत गेलो तेव्हा पाहिलं. समोरच्या भिंतीपाशी खिडकीकडे 52 मिमी जागा उरली होती, कपाटाकडे 17. लाकूड पावसाळ्यात फुगतं, म्हणून भिंतीलगत 12 मिमी मोकळे सोडावेच लागतात. म्हणजे शेवटची फळी एका टोकाला 40 मिमी आणि दुसऱ्या टोकाला 5! पाच मिलिमीटरची फळी म्हणजे दात कोरायची काडी.

फिटर म्हणाला, “कपाटाकडे स्कर्टिंग झाकेल.”
“आणि खिडकीकडे?”
“तिथे रुंद पट्टी मारू.”

या दोन वाक्यांवर आमचा दीड दिवस गेला. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, जुन्या बिल्डिंगमध्ये असंच असतं. असंच असतं हे माहीत होतं, तर आधी टेप का लावली नाही? त्यांनी माप घेतलं होतं ते खोलीच्या एका टोकाला, एकदाच. बायको शिवणकाम करते. ती दारातून म्हणाली, “ब्लाउज बेततानासुद्धा मी एका जागी माप घेऊन थांबत नाही.” फिटर हसला. मला हसू आलं नाही.

शेवटी मीच दोरी घेऊन बसलो. लांबीभर दर दोन फुटांवर रुंदी मोजली. 2914 मिमीपासून उतरत 2879 पर्यंत, आणि मध्ये भिंतीला चांगलं 8 मिमीचं पोट. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 6 फूट, दुसरीवर 8 फूट खुणा करून तिरकं माप घेतलं, की कोपरा काटकोनात असेल तर बरोबर 10 फूट यायला हवं. दाराच्या कोपऱ्यात आलं. समोरच्या कोपऱ्यात आलं नाही. म्हणजे वाकडी एकच भिंत, आणि ती गवंड्याने कशी बांधली ते देव जाणे.

मग कागदावर हिशेब मांडला. अख्ख्या ओळी 15 ऐवजी 14. पहिली ओळ भिंतीकडच्या कडेने कापून 110 मिमीची केली, आणि शेवटची 120 वरून 85 वर उतरत गेली. तिरकेपणा तोच, पण पातळ चिरोटी गेली, आणि उतार पलंग-कपाटाच्या मागे लपला. दारातून दिसणाऱ्या ओळी दोरीसारख्या सरळ.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण टाकलेल्या 15 ओळी उलट्या क्रमाने सोडवाव्या लागल्या, त्यात चार फळ्यांचे लॉक तुटले, आणि त्याच शेडचा माल यायला नऊ दिवस गेले. नऊ दिवस आम्ही हॉलमध्ये झोपलो. क्षेत्रफळापेक्षा दहा टक्के माल जास्त घ्या, मी पाचच घेतला होता.

भिंतीच्या पोटाचं काम मात्र फिटरने सुरेख केलं, हे मान्य करायला हवं. शेवटची फळी आधीच्या ओळीवर अचूक ठेवली. भिंतीला 12 मिमीचा ठोकळा टेकवला, त्याला फळीच्याच रुंदीचा एक तुकडा लावला, आणि दोन्ही मिळून भिंतीलगत सरकवत पलीकडच्या कडेने पेन्सिल ओढली. भिंतीचं सगळं वाकडेपण फळीवर उतरलं. जिगसॉने, म्हणजे बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने, त्या रेषेवर कापली, आणि बसली!

एक राहिलंच, खोकी किमान दोन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा, लाकडाला खोलीची हवा लागू द्या. आणि स्कर्टिंगचे खिळे भिंतीत, फ्लोअरिंगमध्ये नाही.

दाराचं कुणीच सांगितलं नव्हतं. फोम धरून जमीन 16 मिमी वर आली, आणि बेडरूमचं दार उघडेना. सुताराला बोलावून खालून तासून घेतलं. तो आत आला, खाली वाकून दाराकडच्या ओळी निरखल्या आणि म्हणाला, “खोली गुण्यात आहे हो तुमची.”