जुन्या बाजारातलं पातेलं: दीड महिन्याचा हिशेब

पातेलं हातात आलं तेव्हा ते पितळेचं आहे हे फक्त वजनावरून कळत होतं. बाहेरून डांबर फासल्यासारखी चुलीची काजळी, आत जुन्या कल्हईचे करडे पोपडे आणि काठाला एक चांगली ठेच. जुन्या बाजारात रविवारी दुपारी उशिरा गेलं की विकणारे कंटाळलेले असतात, त्यामुळे घासाघीस फार करावी लागली नाही. त्याने भाव किलोवर लावला. तीन किलो दोनशे ग्रॅम भरलं. शेजारी पडलेला एक गंजका अडकित्ता वर टाकून दिला.

आधी काजळी. मागे एक समई साफ करताना काजळीवर आंबट लावायची जी चूक केली होती ती पुन्हा केली नाही. काजळी म्हणजे तेलातुपात मुरलेला कोळसा. त्याला चिंच, लिंबू काही लागू पडत नाही. त्याला पाहिजे गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. आंबट लागतं ते नंतर, धातूचा स्वतःचा काळेपणा काढायला. टपात कढत पाणी, दोन मुठी सोडा आणि पातेलं रात्रभर पालथं. सकाळी लाकडी उलथण्याने थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटत होता. सुरीने खरवडू नका. सुरीचा एक ओरखडा काढायला नंतर अर्धा तास जातो. तीन रात्री हेच केलं आणि ड्राय बाल्कनीतल्या फरश्या काळ्या झाल्या म्हणून घरात जे ऐकायचं ते ऐकलं.

मग लिंबूसत्वाचं पाणी. वीस मिनिटं ठेवायचं ठरवलं होतं. ऑफिसचा फोन आला, नंतर जेवण, नंतर झोप. सकाळी पातेलं गुलाबी! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी निघून जातं आणि वरच्या कातडीत तांबंच उरतं, म्हणून हा रंग. घाबरायचं कारण नाही, थर अगदी पातळ असतो आणि पॉलिश पेपरने निघतो. पण आठवडाभर आंबटात ठेवलंत तर पितळ आतून भुसभुशीत व्हायला लागतं. आता मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि कुकरचा टायमर लावतो.

काठाची ठेच काढताना हात थरथरत होता. वाळूची पिशवी खाली, वर लाकडी मोगरी, आणि एका जोरदार घावाऐवजी शंभर हलके घाव. पितळ ठोकलं की कडक होत जातं आणि ताण धरून बसतं. असा ताण धरलेल्या पितळेजवळ अमोनिया असलेलं काचा पुसायचं द्रावण आणू नका. याचा किस्सा आपल्याकडचाच आहे. इंग्रजांच्या सैन्याची पितळी काडतुसं इथल्या पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असत आणि कोरडे दिवस आले की तडकलेली सापडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि काडतूस ओढून घडवताना धातूत राहिलेला ताण या दोघांनी मिळून हा घोळ केला होता, पण त्याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडलं. माझी ठेच नव्वद टक्के निघाली. उरलेली दहा टक्के मी तशीच ठेवली आहे.

पॉलिश पेपर नेहमीचेच: ४००, ६००, १०००, सगळे पाण्यातले. प्रत्येक नंबरला हात आडवा-उभा बदलायचा आणि आधीच्या नंबरची रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढे जायचं नाही. इथे घाई केली की बफवर, म्हणजे चमक आणायच्या कापडी चाकावर, ती रेघ आरशात उभी राहिल्यासारखी दिसते. पोटाच्या गोलाईला चार संध्याकाळी लागल्या. गळ्याखालचा पट्टा मात्र बारीक खड्ड्यांनी भरलेला वाटला आणि कंटाळाही आला होता. म्हटलं, इथे सरळ बफच घालू.

माझा बफ म्हणजे सहा इंची ग्राइंडरवर चढवलेलं कापडी चाक, मिनिटाला २८०० फेरे. चाकाला पॉलिशची मेणट वडी चोळायची: तपकिरी वडी कापायला, लाल वडी चमक आणायला, आणि दोन्हींची चाकं वेगळी. वस्तू नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली टेकवायची. वरची कड चाकाला दिलीत तर चाक ती हिसकावून घेतं. झाकणाच्या बाबतीत मला हे एकदा भिंतीने शिकवलं आहे. हातमोजेही नकोत, तेही ओढले जातात. भांडं तापलं तर चटका सोसा किंवा पाण्यात बुडवा. मास्क मात्र हवाच. नाकातून निघणारा काळा शेंबूड पाहिलात की कुणी सांगायची गरज उरत नाही.

तर तपकिरी वडी लावून गळ्याचा पट्टा दहा मिनिटं मस्त कापला. खड्डे पुसट झाले. खूश होऊन गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन भांडं धुतलं, आणि त्या खड्ड्यांतून वडीचं मेण निघालं तेव्हा ते खड्डे नव्हतेच. ठिपके होते, रांगेत. उजव्या टोकाला स्पष्ट ‘हीस मामाकडून सप्रेम भेट’. त्याच्या पुढे ‘१९६’ आणि नंतर एक गुळगुळीत डाग. डाव्या टोकाला, नाव असायला हवं तिथे, चेहरा दिसेल अशी माझी सुंदर चमक.

खुर्ची ओढून बसलो. आई त्या आठवड्यात आमच्याकडे होती. तिने चष्मा न लावताच ओलं बोट पट्ट्यावरून फिरवलं आणि म्हणाली, “‘चि. सौ. कां.’ एवढं लागतंय. पुढे काही लागत नाही.” मग पातेलं खाली ठेवून, “नाव घातलेलं भांडं कुणी हौसेनं मोडीत घालत नाही रे. घर मोडलं की भांडी निघतात.”

आपल्या मागच्या पिढीला हे सांगायला नको, पण आपल्यातल्या नव्या मंडळींसाठी लिहितो. लग्नात आहेर म्हणून आलेल्या भांड्यांवर नावं ठोकून घालत. एक तर कुणी दिलं ते राहावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे वाड्यात एकाच्या कार्याला दहा घरची पातेली जात, ती परत ओळखून घ्यायची असत. बारीक छिन्नीने किंवा टोच्याने एकेक ठिपका. ठिपक्याची खोली असते किती, नखाच्या जाडीची. कापडी चाक प्रथम कडा खातं, आणि ठिपका म्हणजे सगळी कडाच. त्यामुळे पोटाच्या सपाट पृष्ठावरून जेवढा धातू गेलेला कळतही नाही, तेवढ्यात अक्षर जातं.

त्यानंतर माझ्या कामाचा क्रम बदलला. वस्तू घरात आली की आधी रात्री दिवे घालवून टॉर्च पृष्ठाला आडवा लावून सगळीकडून बघायचं. सावली पडली की ठिपके बोलतात. शंका आली तर खडूची पूड चोळायची, पांढरं खड्ड्यात बसतं. मग पातळ कागद लावून पेन्सिलने वर घासायचं, लहानपणी नाण्यांचं करायचो तसं. हा कागद वहीत चिकटवायचा. नावाच्या पट्ट्यावर चिकटपट्टी, तिथे पेपरही नाही आणि बफही नाही, फक्त चिंच-मीठ आणि बोट. पट्टा आजूबाजूपेक्षा थोडा मंद दिसतो. दिसू दे.

एका भांड्यांच्या दुकानदाराने सुचवलं, मशीनने पाच मिनिटांत नाव घालून देतो. कुणाचं घालणार?

कल्हईसाठी पातेलं पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका कारागिराकडे नेलं. तिथे दुसरा फजितवाडा. मी हौसेने आतूनही बफ फिरवला होता. त्यांनी भट्टीवर भांडं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने फिरवली. तीन बाजूंना कल्हई पाण्यासारखी पसरली. चौथ्या बाजूला मोत्यांसारखे थेंब होऊन घरंगळली. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “आत मेण लावलंय का साहेब?” बफच्या वडीतलं मेण. त्याच्यावर कथील धरत नाही. परत थंड करून, घासून, पुन्हा तापवून त्यांनी ते केलं, आणि पैसे एकदाचेच घेतले. आतल्या भागाला बफ लावण्यात काही अर्थ नसतो हे तेव्हा कळलं. कल्हईचं काम पितळ झाकायचं, म्हणजे ताक, आमटी कळकणार नाही. आणि कथील २३२ अंशाला वितळतं, तेव्हा कोरडं पातेलं मोठ्या जाळावर विसरलात तर कल्हई तळाशी गोळा होईल. फोडणी दुसऱ्या भांड्यात करा.

अडकित्त्याचं थोडक्यात. आठ दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, खिळ सुटली. पातं लोखंडाचं, दांड्यांवर पितळेचे मोर. सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची माझी नेहमीची पद्धत इथे वापरली नाही, मोर त्यात घालायची हिंमत झाली नाही. बारीक स्टील वूल आणि तेल, बस. जे ही पद्धत वापरतात त्यांना पुन्हा एकदा सांगतो: चार्जरच्या दुसऱ्या टोकाला साधी सळई लावा, स्टेनलेसचा चमचा नको, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. अडकित्ता आता सुपारी कापतो. धार लावताना मी फक्त एकाच बाजूने लावली, दुसरी बाजू सपाटच असायला हवी.

पुढचं काम तांब्याच्या घंगाळाचं. अंगभर मठारकामाचे, म्हणजे हातोडीने ठोकून पाडलेले, खळगे आहेत, त्यामुळे चाकाच्या जवळसुद्धा नेणार नाही. आमसुलाचं पाणी आणि हात. काल रात्री टॉर्च आडवा धरून बघितलं. एका कडीच्या खाली सहा-सात ठिपके दिसतात. अक्षर आहे की नुसतं खरचटलंय, ते उद्या खडू चोळून बघतो.