जुन्या स्विफ्टचे लोअर आर्म बदलले, त्याची गोष्ट

माझी स्विफ्ट २००८ ची. पेट्रोल, १.३ लिटरचं इंजिन. २०२३ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. म्हणजे ही गाडी अजून चालवायची, हे तेव्हाच ठरलं होतं. शाळेला रोज कोल्हापुरातून राधानगरी रोडनं जाते. पुईखडी, हळदी, परिते अशी गावं लागत जातात आणि गाव आलं की स्पीडब्रेकर आलाच. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना साइड देताना डावी चाकं डांबराखाली उतरवावी लागतात. या रस्त्यानं गाडीचा पुढचा भाग किती खाल्लाय, ते मला गेल्या पावसाळ्यानंतर कळायला लागलं.

आधी एक आवाज आला. ब्रेकर चढताना काही नाही, उतरताना मात्र डावीकडून एकच जड ‘ठक’. मग लक्षात आलं की जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग किंचित डावीकडे जातंय. आणि एकदा हवा भरताना खाली वाकून पाहिलं, तर डाव्या पुढच्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झालेली. बाहेरून टायर चांगला दिसत होता. तिन्ही गोष्टी डाव्याच बाजूला, म्हणजे कारण बहुतेक एकच असणार, असा माझा अंदाज. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे तीन लक्षणांना तीन कारणं लावायच्या आधी एक कारण शोधायची सवय आहे.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. एका गॅरेजमध्ये चाकसुद्धा न काढता सांगितलं की दोन्ही शॉकअप आणि वरची माउंटिंग्ज बदलावी लागतील. आकडा ऐकून मी विचार करून सांगते म्हणाले आणि निघाले. शॉकअप गेला की त्यावर तेल ओघळलेलं दिसतं, आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी दोन-तीनदा हिंदकळते. माझी गाडी एका दमात वर येऊन थांबत होती आणि शॉकअप कोरडे होते. शाळेच्या बसचे ड्रायव्हर म्हणाले, “मॅडम, लिंक रॉड असंल.” पण लिंक रॉडचा (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारला चाकाकडे जोडणारी दांडी) आवाज बारीक असतो, खडबडीत रस्त्यावर सतत कटकट वाजतो. हा तसा नव्हता.

शेवटी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखाने-गॅरेजच्या भागात, एका मिस्त्रींकडे गेले. वडिलांच्या फियाटपासून आमच्या घरच्या गाड्या त्यांच्याकडे, म्हणून मी त्यांना मामाच म्हणते. उद्यमनगरचं एक बरं आहे: लेथ, प्रेस, वेल्डिंग, स्पेअर पार्टची दुकानं, सगळं हाकेच्या अंतरावर. एखादा बोल्ट तुटला तर गाडी आठवडाभर अडकून पडत नाही.

मामांनी आधी काही बोलायचं टाळलं. गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या (लोखंडी टेकू) लावल्या आणि चाक वर-खाली धरून हलवलं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं. चाक थोडं डुललं. मला म्हणाले, “आत बसून ब्रेक दाबून धरा.” ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि नकल (चाकाचं बेअरिंग जिच्यात बसतं तो न फिरणारा भाग) एकत्र जखडली जातात, त्यामुळे बेअरिंगची ढिलाई लपते. ब्रेक दाबूनही चाक डुलत असेल तर खोट बेअरिंगमध्ये नाही, त्याच्या पलीकडे कुठंतरी आहे. माझं चाक ब्रेक दाबूनही डुलत होतं. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवलं, तिथं घट्ट होतं, म्हणजे टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) ठीक. उरला लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या हाताचा, बॉल जॉइंट. त्याचं रबरी बूट चिरलेलं होतं आणि आतलं ग्रीस पाणी-मातीनं काळं झालं होतं.

मग त्यांनी पहार घेतली आणि आर्मच्या मागच्या बुशाशी (आर्म सांगाड्याला जिथं जोडतात तिथलं रबर भरलेलं कडं) टेकवून हळूच उचलली. आर्म जागचा सरकला. बॅटरी मारून मला दाखवलं, “ह्यो बघा, रबरानं लोखंड सोडलंय.” बुशाच्या आतलं रबर एका बाजूनं अर्ध्या गोलाइतकं फाटलं होतं.

इथं जरा थांबून सांगायलाच हवं, कारण हे कळल्यावर माझी तिन्ही लक्षणं एका जागी येऊन बसली. या गाडीचा लोअर आर्म साधारण एल आकाराचा असतो. एक टोक बॉल जॉइंटनं चाकाच्या नकलला जोडलेलं, बाकी दोन टोकं बुशांनी गाडीच्या सांगाड्याला. पुढचा बुश घट्ट असतो. वळणावर चाकाला आडवं ढकलणारा जोर मुख्यतः तो घेतो. मागचा बुश मोठा आणि मऊ. ब्रेक दाबला, खड्डा लागला की चाक मागं जायला बघतं, तो झटका मागचा बुश पचवतो. तो फाटला की ब्रेक लावताना त्या बाजूचं चाक थोडं मागं सरकतं आणि त्याचं तोंडही फिरतं. म्हणून स्टिअरिंग ओढलं जातं. तोंड फिरलेलं चाक रस्त्यावर सरळ न लोळता तिरकं घासत जातं, म्हणून टायरची कड गेली. ब्रेकर उतरताना बहुतेकांचा पाय ब्रेकवर असतो, माझाही असतो. आर्म फाटक्या रबरातून सरकून लोखंडावर आपटतो, तोच तो ‘ठक’. शॉकअप नवे टाकले असते तरी आवाज तसाच राहिला असता.

आता प्रश्न, नुसते बुश बदलायचे की अख्खा आर्म? नुसते बुश स्वस्त पडतात, आणि उद्यमनगरात प्रेस मारून देणारे कितीतरी आहेत. बॉल जॉइंट शाबूत असता तर मीही तेच केलं असतं. पण या आर्मला बॉल जॉइंट अंगचाच येतो, आणि माझ्याकडे तोच डुलत होता. बुश फाटला तर गाडी ओढते, आवाज करते. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंगचं काही ऐकत नाही. सुटीच्या दिवशी मी मुलांना घेऊन फोंडा घाटातून खाली जाते. तिथं हजार-पाचशे वाचवण्यात काही अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. उजव्या बाजूचा बुश अजून फाटला नव्हता, पण त्याला भेगा होत्या. वय तेच, पावसाचं पाणी तेच. दोन्ही बाजूंचे आर्म घ्यायचं ठरलं.

पार्ट कंपनीचेच घेतले, खोक्यावरचं होलोग्राम बघून. दुकानात बिननावाचे आर्म बरेच कमी किमतीत होते. दोन्ही हातात घेऊन पाहिले. स्वस्तातल्या आर्मचं वेल्डिंग मध्येच तुटक होतं आणि बॉल जॉइंटची दांडी बोटानं सहज फिरत होती. नव्या जॉइंटची दांडी हलवायला जोर लागायला हवा. सोबत नवे नटही घेतले, कारण सेल्फ-लॉकिंग नट एकदा उघडला की त्याची पकड कमी होते.

आदल्या संध्याकाळीच मामांनी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग गाडी वर घेतली. घोड्या पक्क्या बसल्यात का, हे त्यांनी गाडी आडवी हलवून बघितलं. जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली जायचं नाही, हा त्यांच्याकडचा नियम आहे आणि तो त्यांच्या पोरांनाही चुकत नाही.

सगळ्यात वेळ खाल्ला तो डाव्या नकलच्या बोल्टनं. बॉल जॉइंटची दांडी नकलच्या खोबणीत जाते आणि आडवा बोल्ट ती आवळून धरतो. दांडीला एक खाच असते, बोल्ट त्या खाचेतून जातो. त्यामुळे बोल्ट नुसता सैल करून चालत नाही, पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडी सुटत नाही. तो गंजून बसला होता. मामांनी तो आधी किंचित आवळला आणि मग सैल केला, पुन्हा तेल, पुन्हा तेच. हातातल्या पान्याला काय लागतंय यावर त्यांचं सगळं लक्ष. पोरगा म्हणाला, “छिन्नी मारून फाकवूया का?” मामांनी नकोच म्हटलं. नकल बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. जास्त फाकवली तर तडा जातो, आणि मग आर्मच्या कितीतरी पट खर्च. त्यांचा भाऊ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, त्यामुळे बीड कधी ऐकतं आणि कधी तडकतं यावर ते बराच वेळ बोलले. आणि बोलता बोलताच बोल्ट सुटला.

आर्म निसटल्यावर नकल मोकळी होते. ती त्यांनी लगेच तारेनं बांधून ठेवली. तिचं वजन ब्रेकच्या होजवर यायला नको, आणि ती बाहेर ओढली गेली तर ॲक्सलचा आतला जॉइंट निखळू शकतो. एवढं सांभाळलं की बाकी उघडणं सरळ आहे. उजवी बाजू तर चहा येईपर्यंत उतरली.

नवा आर्म बसवताना सगळे बोल्ट हातानं फिरवून घेतले. मग पोरगा गन घेऊन आला, आवळायला. मी विचारलं, “मामा, बुशाचे बोल्ट आत्ताच आवळायचे?” ते हसले आणि पोराला म्हणाले, “थांब रं. नकलचा तेवढा आवळ. चाक लोंबकळताना बुश आवळला की त्यो जन्मभर पिळलेलाच ऱ्हातो.”

या एका गोष्टीवर नव्या बुशाचं आयुष्य ठरतं, आणि घाईच्या कामात नेमकी हीच राहते. या बुशाचं रबर आतल्या नळीलाही चिकटवलेलं असतं आणि बाहेरच्या कड्यालाही. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला घट्ट धरली जाते. आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच घसरत नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि परत येतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना रबराला पीळ नसावा, म्हणजे दोन्ही दिशांना ते सारखंच पिळलं जाईल. चाक हवेत लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर पिळलेल्या ओल्या टॉवेलसारखं होतं, आणि त्यावर प्रत्येक खड्ड्याचा पीळ वेगळा. नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो आणि लोक पार्टला नावं ठेवतात.

म्हणून बुशाचे बोल्ट अंगापुरते ठेवून चाकं लावली, गाडी खाली उतरवली आणि ढकलत गॅरेजमधल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर नेली. पुढून दोघांनी दाबून-सोडून ती नीट बसू दिली. मग मामा खड्ड्यात उतरले. इंजिनचं हेड आवळायला ठेवलेला टॉर्क पाना त्यांनी काढला, माझ्याकडच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मी वाचून दाखवला आणि त्यांनी ‘टक’ आवाज येईपर्यंत एकेक बोल्ट आवळला. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर खडूची रेघ मारली, म्हणजे नंतर नुसतं बघून कळतं की तो फिरलाय का.

तिथून थेट व्हील अलाइनमेंटला. आर्म बदलल्यावर हे टाळून चालत नाही, चाकाचं तोंड थोडं तरी बदलतंच. डावं चाक मापाबाहेर निघालं, टाय रॉडवरून ते सरळ केलं. झिजलेला टायर काढून टाकला आणि पुढं नवी जोडी घातली. टायर सोडून आर्म, नट, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून खर्च साडेसात हजारांच्या आत राहिला. शॉकअपचा जो आकडा आधी ऐकला होता, तो याच्या दुपटीहून जास्त होता.

दुसऱ्या दिवशी हळदीचा ब्रेकर मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवून उतरले. ठक नाही. परित्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला तिथं स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. साधारण पाचशे किलोमीटरनंतर मामांकडे जाऊन खडूच्या रेघा बघून घेतल्या. सगळ्या जागेवर होत्या. फक्त उजव्या बाजूचा लिंक रॉड आता बारीक वाजायला लागलाय, तो पुढच्या सर्व्हिसिंगला बदलायचा आहे.